दोन टक्के तांब्याचा डोंगर आणि डॅनियल जॅकलिंग

तुझा प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या डॅनियल जॅकलिंग या इंजिनिअरने यूटा राज्यातल्या बिंगहॅमचं तांबं शोधलं नाही, क्लेम (खाणीच्या जागेवरचे नोंदवलेले हक्क) त्याच्या नावावर नव्हते, भांडवलही त्याचं नव्हतं, मग यूटा कॉपर कंपनी उभी करणारा म्हणून त्याचंच नाव का घेतात, आणि मायनिंग शिकून पुढे स्वतःची कंपनी काढायची इच्छा असलेल्या मुलाने त्याच्याकडून काय घ्यावं. मी उमेदीची वर्षं ओपनकास्टमध्ये (उघड्यावरून खोदायच्या खाणीत) काढली आणि नंतर बराच काळ दुसऱ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले, त्यामुळे हा माणूस माझ्या फार जवळचा विषय आहे. उत्तर लांब होणार, सवडीने वाच.

पहिल्याच वर्षी आपल्याला शिकवतात की ज्या दगडातून धातू फायद्यात काढता येतो तो ओर, बाकी सगळा नुसता दगड. सगळे पाठ करतात आणि विसरतात. ग्रेड, म्हणजे दगडातलं धातूचं प्रमाण, निसर्गाने ठरवलेली असते, तिच्यात आपल्याला काही करता येत नाही, पण फायदा ठरतो खर्चावर आणि खर्च इंजिनिअरच्या हातात असतो. म्हणजे एखादा डोंगर ओर आहे की नाही हे अर्धं भूगर्भात ठरतं आणि अर्धं ड्रॉइंग बोर्डवर. जॅकलिंगने हे दुसरं अर्धं काम केलं आणि ते इतकं पक्कं केलं की जगातलं बरंचसं तांबं आजही त्याच रस्त्याने निघतं.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म १८६९ चा, मिसुरी राज्यातला. आई-वडील अगदी लहानपणी गेले, नातेवाइकांकडे वाढला. शिक्षक व्हायचं म्हणून एका कॉलेजात गेला आणि तिथून वळला रोला गावच्या मिसुरी स्कूल ऑफ माइन्सकडे, १८९२ ला पदवी घेतली. त्याचा खरा हात मेटलर्जीत होता, म्हणजे खोदण्यापेक्षा खोदलेल्या मालातून धातू सोडवण्यात. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. मग कोलोरॅडोत क्रिपल क्रीकला सोन्याच्या धंद्यात केमिस्ट म्हणून उमेदवारी. खिशात पैसे नसल्याने तिथवरचा शेवटचा टप्पा त्याने पायी तोडला असं सांगतात. १८९६ च्या सुमाराला यूटातल्या मर्कुरला गेला आणि तिथे जोसेफ डी लामार या खाणमालकासाठी सायनाइड पद्धतीने सोनं काढणारी मोठी मिल उभी केली. मर्कुरचं सोनं बारीक आणि कमी ग्रेडचं, डोळ्याला दिसणार नाही असं. त्यातून पैसे काढायचे तर रोज भरपूर टन आणि प्रत्येक टनावर कमीत कमी खर्च, दुसरा मार्गच नाही. तिशी गाठायच्या आत हे गणित त्याच्या अंगात मुरलं होतं.

आता बिंगहॅम. सॉल्ट लेक सिटीच्या नैऋत्येला ओकर डोंगररांगेतली ही घळ, शिसं, चांदी, सोनं यासाठी आधीपासून माहितीची. एनॉस वॉल नावाच्या माणसाने १८८७ पासून इथे तांब्याचे हिरवे डाग असलेल्या डोंगरावर क्लेम घ्यायला सुरुवात केली आणि लोक हसत असताना ते धरून ठेवले. शोधाचं श्रेय वॉलचंच, ते कोणी काढून घेऊ नये. अडचण होती ती तांब्याच्या ठेवणीची. हे पोर्फिरी तांबं, म्हणजे शिरेत एका जागी गोळा झालेलं नाही, तर अख्ख्या दगडात बारीक कणांनी आणि केसाएवढ्या फटींमधून पसरलेलं. वरचा थर पावसापाण्याने धुऊन निघालेला, जवळपास रिकामा, आणि त्याखाली झिरपून साठलेलं तांबं, साधारण २ टक्के. शिरेवरच्या खाणीत माणूस चांगला दगड निवडून आणतो आणि बाकीचा आतच सोडतो. इथे निवडण्यासारखं काही नाहीच, घ्यायचा तर डोंगर घ्या.

डी लामारने हे क्लेम विकत घ्यायचे का ते बघायला जॅकलिंग आणि रॉबर्ट गेमेल या दोघांना पाठवलं. १८९९ मध्ये त्यांनी रिपोर्ट दिला. आत बोगद्यांतून नमुने घेऊन ग्रेड आणि टन मांडले, आणि म्हणाले की हे मोठ्या प्रमाणावर, शक्य तिथे उघड्यावरून, स्वतःची रेल्वे आणि मोठी मिल लावून केलं तर परवडतं. त्या काळी २ टक्क्यांचं तांबं म्हणजे टाकाऊ असंच धंद्यातल्या लोकांचं मत होतं. खाण-व्यवसायाच्या नामांकित साप्ताहिकानेही ही कल्पना फायद्याची होऊ शकत नाही असंच लिहिलं, आणि डी लामारने नाद सोडला.

त्यांचं चुकत होतं का? हा हिशेब कागदावर करून बघच. अमेरिकन टन म्हणजे २००० पौंड, त्यात २ टक्के म्हणजे ४० पौंड तांबं. तेव्हा फ्लोटेशन (दळलेल्या दगडातलं तांबं फेसाबरोबर वर आणायची पद्धत) नव्हतं, दगड दळून हलत्या टेबलांवर पाण्यात जड-हलकं वेगळं करायचं, बारीक तांबं पाण्याबरोबर वाहून जायचं, तेव्हा तीनातले दोन भाग हाताला लागले तरी चांगलं. धर २६ पौंड. १९०३ च्या आसपास तांब्याचा भाव पौंडाला १३ सेंटच्या घरात. म्हणजे एका टनामागे ३ डॉलर ३८ सेंट. एवढ्यात ड्रिलिंग, ब्लास्टिंग, भरणं, वाहतूक, दळणं, स्मेल्टर (वितळवून धातू काढायची भट्टी), रिफायनरी, पूर्वेकडच्या बाजारापर्यंतचं भाडं, व्याज आणि वरचा रिकामा थर आधी काढून टाकण्याचा खर्च, सगळं बसवायचं. बोगद्यातून माणसांनी निवडून खोदायचं म्हटलं तर बहुतेक पैसे दगड बाहेर येईपर्यंतच संपले. म्हणजे टीकाकारांचं गणित बरोबर होतं, फक्त ते जुन्या पद्धतीच्या खाणीचं गणित होतं.

जॅकलिंगने त्यातला एकेक खर्च उचलून विचारलं की हा टनामागे वाढतो का टन वाढवले की वाटला जातो. रेल्वेलाइन, मिलची इमारत, पाण्याची सोय, पगारी इंजिनिअर, वर्कशॉप, हे दिवसाला ५०० टनांसाठीही लागतं आणि ५,००० टनांसाठी ते दहापट होत नाही. मग जे वाटलं जातं ते सगळं मोठं करा आणि जे टनामागे वाढतं तिथे माणसाऐवजी मशीन आणा. आज ऐकायला हे सोपं वाटतं. पण विचार कर, त्यासाठी एक पौंड तांबं विकायच्या आधी प्रचंड पैसा जमिनीत घालावा लागतो, आणि ग्रेडमध्ये पाव टक्का चूक निघाली तर तो सगळा बुडतो. इथे इंजिनिअरिंग आणि धंदा वेगळे राहत नाहीत.

पैशाची सोय व्हायला पुढची चार वर्षं गेली. मधल्या काळात जॅकलिंग चार्ल्स मॅकनील आणि स्पेन्सर पेनरोज या कोलोरॅडोच्या लोकांच्या ओर रिडक्शनच्या, म्हणजे ओरमधून धातू काढण्याच्या, धंद्यात होता, त्याचं काम त्यांनी स्वतः बघितलं होतं, त्यामुळे तो बिंगहॅमचा रिपोर्ट घेऊन आला तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. भांडवल त्याला आयडियावर मिळालं नाही, त्याने चालवलेल्या मिलच्या हिशेबावर मिळालं. ४ जून १९०३ ला यूटा कॉपर कंपनी स्थापन झाली, मॅकनील अध्यक्ष, जॅकलिंग जनरल मॅनेजर. वय ३३.

आणि मग तो थेट मोठ्या मिलकडे धावला नाही. आधी कॉपरटनला दिवसाला काहीशे टनांची मिल बांधली. तिच्यातून नफा किती होतो हा मुद्दाच नव्हता. कुठल्या साइजला दळलं तर किती तांबं सुटतं, टेबलावर किती येतं, किती वाहून जातं, पाणी किती लागतं, खऱ्या दगडाची ग्रेड नमुन्यांशी जुळते का, हे सगळं रोजच्या आकड्यांत मिळायला लागलं. प्रोजेक्ट रिपोर्ट तपासायला आला की मी आधी हेच पान शोधतो. लॅबमध्ये चार किलो नमुन्यावर ९० टक्के रिकव्हरी आली, म्हणजे दगडातला ९० टक्के धातू हाती लागला, म्हणून मोठा प्लॅन्ट ९० टक्क्यांवर डिझाइन केलेला असतो, मधली पायलट स्टेज, म्हणजे अशी छोटी चाचणी मिल, पैसे वाचवायला उडवलेली असते, आणि पुढे कंपनी बुडते ती बरेचदा तिथेच.

पायलटच्या आकड्यांवर गुगेनहाइम हे खाणी आणि स्मेल्टरच्या धंद्यातलं घराणं आलं. त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला नाही, स्वतःचे इंजिनिअर पाठवले. जॉन हेज हॅमंड त्यांचा मुख्य सल्लागार, त्याच्याबरोबर आल्फ्रेड चेस्टर बीटी (हाही मायनिंग इंजिनिअर, ज्याने पुढे १९१४ मध्ये सिलेक्शन ट्रस्ट काढली, त्याचंही आयुष्य वाचण्यासारखं आहे). तपासणी पार पडली, पैसा आला, पण किंमत घेऊन आला: स्मेल्टिंगचं लांब मुदतीचं काम गुगेनहाइमांच्याच कंपनीकडे गेलं. क्लेमचा मूळ मालक वॉल यावर भडकला आणि प्रकरण कोर्टात गेलं. वॉलचा राग मला समजतो, कारण स्मेल्टर ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमच्या टनामागचे उरलेले सेंट असतात. पण तेवढं भांडवल दुसरीकडून लवकर मिळण्यासारखं नव्हतं हेही तितकंच खरं.

१९०६ मध्ये डोंगरावर स्टीम शॉवेल आलं. पनामा कालवा खणायला हीच जातकुळी वापरली गेली. रुळावर उभं राहणारं, कोळशावर चालणारं धूड, एका वेळी कित्येक टन दगड उचलून शेजारच्या रुळावरच्या वॅगनमध्ये टाकणारं. डोंगराला पायऱ्या पाडल्या, त्यालाच आपण बेंच म्हणतो, प्रत्येक बेंचवर रूळ, ब्लास्टिंग झालं की शॉवेल भरत पुढे सरकतं आणि इंजिन माल ओढून नेतं. सुरुवातीला खालून बोगद्यांतूनही माल काढत होते, पण उघड्यावरचं काम स्वस्त पडतंय हे दिसल्यावर तेच वाढवलं. १९०७ ला ग्रेट सॉल्ट लेकच्या बाजूला मॅग्नाची मोठी मिल सुरू झाली. डोंगराच्या वरच्या भागात सॅम्युएल न्यूहाउसची बोस्टन कन्सॉलिडेटेड कंपनी होती, एकाच डोंगरावर खाली एक आणि वर एक कंपनी बेंच पाडतेय, हे कोणालाच परवडणारं नव्हतं. १९१० मध्ये दोन्ही एक झाल्या. दुसऱ्याच्या रेल्वेवर अवलंबून राहण्याचा त्रास बघून स्वतःची बिंगहॅम अँड गारफील्ड रेल्वे टाकली, ती १९११ ला सुरू झाली.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघ. या साखळीत शॉवेल, रेल्वे, मिल, स्मेल्टर सगळ्यांची क्षमता एकमेकांना जुळलेली असावी लागते. शॉवेल दिवसाला १० हजार टन भरतंय आणि मिल ६ हजार घेते, तर शॉवेलचा स्वस्तपणा काही कामाचा नाही. उलटही तसंच, मिल मोकळी उभी राहिली की तिचं व्याज थांबत नाही. जॅकलिंगच्या काळात सुटी मशीन्स सगळी बाजारात मिळत होती. लोहखनिजाच्या खाणीत शॉवेल आधीपासून चालत होती. त्याचं स्वतःचं काम म्हणजे ही सगळी साखळी तांब्यासाठी एका मापाने बांधणं. पुढे फ्लोटेशन आलं आणि टेबलावरून वाहून जाणारं तांबं फेसाबरोबर वर यायला लागलं, रिकव्हरी चढली, आणि त्याच खाणीत १ टक्क्याखालचा दगडसुद्धा ओर ठरला. डोंगर तोच, दगड तोच, साठा मात्र वाढला.

आता जी बाजू कौतुकाच्या लेखांत दोन ओळींत उरकतात ती. बेंचवर काम करणारे बहुतेक परदेशातून आलेले, ग्रीक, इटालियन, जपानी, पूर्व युरोपातले. ग्रीक मजुरांची भरती लिओनिडास स्क्लिरिस नावाच्या एजंटच्या हातात होती, तो कामाला लावायचे पैसे मजुरांकडून घ्यायचा आणि सामान आपल्याच दुकानातून घ्यायला लावायचा. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये हजारो लोक संपावर गेले, पगारवाढ हवी होती, युनियनला मान्यता हवी होती आणि स्क्लिरिस जायला हवा होता. स्क्लिरिसने राजीनामा दिला, पण जॅकलिंगने युनियनशी बोलायला ठाम नकार दिला आणि बाहेरून माणसं आणून खाण चालू केली. मला हे त्याचं मोठं अपयश वाटतं. टनामागच्या एकेका सेंटचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आपल्या मजुराच्या खिशातून एजंट किती काढतोय हे माहीत नसेल असं मी मानत नाही. कंपनी काढशील तेव्हा लेबर कॉन्ट्रॅक्टरचं पान दुसऱ्या कोणावर सोडू नकोस, मजुराच्या हातात प्रत्यक्ष किती पडतं ते स्वतः बघ.

बिंगहॅमनंतर त्याच्या नावाला वजन आलं. ॲरिझोनातली रे, न्यू मेक्सिकोतली चिनो, नेव्हाडातली नेव्हाडा कन्सॉलिडेटेड, या पोर्फिरी खाणींमध्ये तो होता आणि तिथे हीच पद्धत चालली. पण एक जागा अशी आहे जिथे ती चालली नाही आणि तीच मी मुलांना आधी वाचायला सांगतो: अलास्कातलं जुनो. अलास्का गोल्ड माइन्स या कंपनीने कमी ग्रेडच्या सोन्यावर बिंगहॅमसारखंच मोठं काम उभं केलं, किनाऱ्यावर थेनला प्रचंड मिल बांधली, १९१५ ला सुरू केली. दगडात सोनं नमुन्यांवरून धरलं होतं तेवढं निघालं नाही, खोदताना रिकामा दगड मिसळत गेला, आणि महायुद्धाने मजुरी आणि सामान महाग केलं. तांबं असतं तर भावही चढला असता, पण सोन्याचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट असा बांधलेला, एक सेंट हलणार नाही. १९२१ ला बंद. आणि शेजारीच, तशाच दगडावर, फ्रेड ब्रॅडलीची अलास्का जुनो कंपनी १९४४ पर्यंत चालली. त्यांनी माल मिलमध्ये घालायच्या आधी पट्ट्यावर माणसं बसवून काळा रिकामा दगड हाताने वेचून फेकला, सोनं असलेला पांढरा क्वार्ट्झ ठेवला. बिंगहॅममध्ये निवडण्यासारखं काही नव्हतं म्हणून डोंगर उचलणं बरोबर होतं, जुनोला निवडता येत होतं. मोठ्या प्रमाणाचं गणित दगडाला विचारून मग लावायचं असतं.

शेवटची वर्षं पटकन सांगतो. पहिल्या महायुद्धात सरकारसाठी स्फोटकांचे कारखाने उभारायची जबाबदारी त्याच्याकडे होती, वेस्ट व्हर्जिनियात नायट्रो नावाचं अख्खं गाव त्यातून वसलं. केनेकॉट ही तांब्याची कंपनी हळूहळू यूटा कॉपरमध्ये हिस्सा वाढवत गेली आणि १९३६ ला ती पूर्ण केनेकॉटमध्ये गेली. १९५४ ला यूटाच्या कॅपिटॉल इमारतीत त्याचा पुतळा बसला, तो हयात असतानाच, आणि १९५६ ला तो गेला. कॅलिफोर्नियातल्या वुडसाइडचं त्याचं घर पुढे स्टीव्ह जॉब्सने घेतलं आणि २०११ मध्ये पाडलं. खाण आज रिओ टिंटो या खाण कंपनीकडे आहे, साधारण ४ किलोमीटर रुंद आणि १.२ किलोमीटर खोल, अजून चालू. तिच्या वाढीत बिंगहॅम कॅन्यन हे गाव गेलं, १९७१ ला नगरपालिकाच विसर्जित झाली. १० एप्रिल २०१३ ला तिथे खाणीच्या भिंतीचा मोठा भाग दोन टप्प्यांत कोसळला, पण रडारने भिंत सरकताना आधीच टिपली होती, माणसं बाहेर काढलेली होती, एकालाही इजा झाली नाही. स्लोप मॉनिटरिंगला खर्च म्हणून कात्री लावणाऱ्या प्रत्येक मॅनेजमेंटला मी हे उदाहरण देतो.

तू विचारलंस की आधी नोकरी का थेट कंपनी. जॅकलिंगच्या पदवीपासून कंपनीपर्यंत ११ वर्षं गेली आणि त्यात तो ॲसे (नमुन्यातला धातू मोजायची तपासणी) करायचा, मिल चालवायचा, दुसऱ्यांसाठी बांधायचा. मी म्हणेन प्लॅन्टच्या शिफ्टमध्ये काम कर, फक्त खाणीत नको, कारण खाणवाल्यांना बहुतेक वेळा टन माहीत असतात आणि टेलिंगमधून (मिलमधून टाकून दिलेल्या गाळातून) काय वाहून गेलं ते माहीत नसतं. सॅम्पलिंगला स्वतः उभा राहा. महिन्याच्या शेवटी ब्लॉक मॉडेलने (साठ्याचे ठोकळे पाडून केलेल्या अंदाजाने) सांगितलेली ग्रेड आणि मिलमध्ये आलेली ग्रेड शेजारी लिहायची सवय लाव आणि फरक का आला ते शोधेपर्यंत सोडू नकोस, ही वही पुढे भांडवलदारासमोर ठेवता येते. आणि कंपनी काढायच्या दिवशी जमिनीच्या कागदांइतकंच बारकाईने कॉन्सन्ट्रेट (मिलमधून निघणारा, धातू दाटवलेला माल) विकत घेणाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाच: ट्रीटमेंट चार्ज (तो माल गाळायचं शुल्क) किती, आर्सेनिकला पेनल्टी किती, ओलाव्याची कपात कोण मोजणार, वजनाचा वाद झाला तर तिसरा नमुना कुठल्या लॅबमध्ये जाणार, आणि मुदत संपायच्या आत दुसऱ्याला माल देता येतो का.